पट्ट्याचा ताण आणि झडपांचा कालमेळ

हरियाणातील गुडगाव येथे मारुती उद्योगाने उभारलेल्या कारखान्यातील पहिल्या मोटारीची किल्ली १४ डिसेंबर १९८३ रोजी तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते ग्राहकाच्या स्वाधीन करण्यात आली. या गावाचे नाव २०१६ पासून गुरुग्राम असे झाले आहे. मारुती ८०० या मोटारीचे उत्पादन २०१४ साली थांबले. परंतु तिने भारतीय कारागिरांना एका नव्या शिस्तीचा परिचय करून दिला. त्या काळच्या अँबॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी या मोटारींच्या इंजिनांत कॅमशाफ्ट खाली, सिलिंडरांच्या ठोकळ्यात असे व ते साखळीने फिरे. मारुतीच्या ७९६ घन सेंटिमीटरच्या तीन सिलिंडरी इंजिनात मात्र ते वर, झडपांच्या माथ्याशी होते आणि त्यास रबरी दातेरी पट्टा फिरवीत असे. हाच टायमिंग बेल्ट होय.

या पट्ट्याचे काम केवळ शक्ती वाहून नेण्याचे नाही. चार धावांच्या इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक फेरा पुरा होतो. दट्ट्या कोठे आहे आणि त्या क्षणी कोणती झडप उघडी असावी, यांचा मेळ पट्ट्याच्या दातांनी राखला जातो. समजा, क्रँकशाफ्टच्या चक्रास २० दात आहेत. तर पट्टा एक दात सरकताच हा मेळ १८ अंशांनी बिघडेल. असे इंजिन कदाचित चालू होईल, परंतु त्याची ओढ कमी होईल, संथ गतीत ते थरथरेल व पेट्रोल अधिक खाईल. काही इंजिनांत तर मेळ पुरेसा बिघडल्यास झडप दट्ट्यावर आदळून वाकते.

पट्ट्यास ताण देणाऱ्या कप्पीस कारागीर टेन्शनर म्हणतात. तिचा बोल्ट ढिला केला की पट्टा सैल पडतो. तो जागेवरून निघाला नसला, तरी दात सरकला नाही असे गृहीत धरता येत नाही. म्हणून प्रथम खुणा पाहावयाच्या. एक खूण कॅमशाफ्टच्या चक्रावर असते, दुसरी क्रँकशाफ्टच्या चक्रावर. दोन्ही आपापल्या समोरच्या, इंजिनाच्या स्थिर भागांवरील खुणांशी एकाच वेळी जुळल्या पाहिजेत.

पट्टा चढविताना क्रँकशाफ्ट त्याची जी बाजू ओढते ती ताठ असावी. सैलपणा राहील तो टेन्शनरच्या बाजूस. येथे एक अडचण येते. झडपांच्या स्प्रिंगांचा दाब कॅमशाफ्टला एखाद्या स्थितीत अडवून धरतो. त्यामुळे पट्ट्याचा खरा सैलपणा दिसत नाही. हा दाब दूर व्हावा म्हणून या प्रकारच्या इंजिनात रॉकरवरील स्क्रू आधी ढिले करतात. कॅमशाफ्ट मोकळे झाले की टेन्शनरची स्प्रिंग पट्ट्यास योग्य तेवढाच ताण देते.

यानंतर इंजिन ज्या दिशेने चालते त्याच दिशेने क्रँकशाफ्ट पान्याने, हाताच्या जोराने, दोन पूर्ण फेरे फिरवावे. उलट फिरविल्यास सैलपणा नको त्या बाजूस जातो. दोनच फेरे का, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल: तेवढ्यात कॅमशाफ्ट एक फेरा पुरा करून मूळ जागी येते. खुणा पुन्हा जुळल्या, तरच टेन्शनर आवळावा. न जुळल्यास पट्टा उतरवून आरंभापासून काम करावे. फिरविताना मध्येच कठीण अडथळा जाणवला, तर जोर न लावता थांबावे. शेवटी ढिल्या केलेल्या रॉकरांचे अंतर निर्मात्याने सांगितलेल्या मापाप्रमाणे पुन्हा बसवावे.

ठिणगीची वेळ तपासावयाची ती या सर्वांनंतर. मारुतीच्या या इंजिनात डिस्ट्रिब्यूटर कॅमशाफ्टवरूनच फिरतो. पट्टा एक दात चुकला असता डिस्ट्रिब्यूटर थोडा वळवून ठिणगी वेळेवर आणता येते. इंजिन सुधारल्यासारखे वाटते आणि झडपांचा दोष मात्र तसाच दडून राहतो. पुढे कार्ब्युरेटरवर व प्लगांवर होणारा खर्च व्यर्थ जातो. याकरिता इंजिनाच्या आवाजावरून निदान करण्यापूर्वी आवरण काढून त्या दोन खुणा डोळ्यांनी पाहणे, हीच खात्रीची रीत होय.