गणित कच्चं, पण गाव ओळखीचं

प्रश्न : मी मूर्तिजापूरची, बी.एस्सी. नर्सिंग झालेली. सार्वजनिक आरोग्यात जायचं आहे. पण गणित कच्चं, इंग्रजी बेताचं. जमेल का?

उत्तर : इंग्रजी सरावाने सुधारेल, सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर पदवीला, म्हणजे एमपीएचला, संख्याशास्त्र मात्र चुकत नाही. तुमचं बळ तुम्ही लिहिलंच नाही : वऱ्हाडी बोली आणि खारपाणपट्ट्याची, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या तुमच्या भागाची, ओळख. डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीत गावातल्याच बायांना नवजात बाळांची काळजी शिकवली, बाळमृत्यू घटल्याचं १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, ते काटेकोर नोंदींमुळे. उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी होण्याची वाट नर्सिंगवाल्यांना खुली आहे. आधी ते काम करा. नोंदवह्यांचा कंटाळा आला, तर एमपीएचची फी भरू नका.