मुक्ता साळवे यांचा निबंध आणि विद्यार्थ्यांची अनुदिनी

निबंध लिहून घ्यावा, लाल शाईने ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करावे, दहापैकी गुण देऊन वही परत करावी, ही रीत आम्ही वर्षानुवर्षे पाळली. त्या निबंधाला शिक्षकाखेरीज दुसरा वाचक असू शकतो, हे इतिहासाचे अध्यापक असूनही आम्हांस उशिरा सुचले. वास्तविक दाखला १८५५ सालचा आहे. महात्मा फुले यांच्या पुण्यातील शाळेची विद्यार्थिनी मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’ने १५ फेब्रुवारी व १ मार्च अशा दोन अंकांत छापला. ज्यांना वेद वाचण्याचा अधिकार नाही, त्यांचा धर्म कोणता, असा तिचा सवाल होता. तो वहीतच राहता, तर आपल्यापर्यंत पोहोचता ना.

त्या काळी छापखाना लागे, संपादकाची मर्जीही लागे. म्हणूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढावे लागले. आज अनुदिनी, म्हणजे ब्लॉग, विनामूल्य निघतो आणि मोबाइलवरही देवनागरी लिहिता येते. महाराष्ट्रातील अनेक शिक्षकांनी असे ब्लॉग चालविले आहेत. मात्र आमच्या पाहण्यात आलेल्या ब्लॉगांवर शासन निर्णय व प्रश्नपत्रिका पुष्कळ, मुलांचे स्वतःचे लेखन थोडे.

निवासी शाळेला तर त्याची गरज अधिक. आपल्या ईट परिसरातून, भूम तालुक्यातून कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला जातात. मूल येथे, आईबाप फडात. मुलाने उचल, कोयता, मोळी यांवर लिहिले, तर ते टोळीतील कोणीतरी मोबाइलवर वाचून दाखवील. “मोळी अशी बांधत नसतात, बाळा,” असे आईने कळविले, तर ती दुरुस्ती आमच्या लाल शाईहून मोलाची ठरेल. अक्षरओळख नसलेली माताही येथे शिक्षिका होते.

सावधगिरी मात्र हवी. मुलांची छायाचित्रे, पत्ते, आडनावे देऊ नयेत; आडनावावरून जात हुडकण्याची खोड इंटरनेटवरही गेलेली नाही. प्रतिक्रिया शिक्षकाने तपासूनच प्रसिद्ध कराव्यात. ब्लॉगमध्ये तशी सोय असते.

आरंभ एकाच वर्गापासून, पंधरवड्यास एका लेखाने करावा. मुलाची बोली पुसू नये. अर्थ लागत नसेल तेथे त्यालाच विचारावे आणि त्याच्याच शब्दांत पुन्हा लिहू द्यावे.