पट्ट्याला तेल पाजण्याआधी

कोल्हापुरातलं आमचं दाढी-कटिंगचं दुकान आता मुलगा चालवतो. माझ्या वडिलांच्या, आण्णांच्या काळात खुर्चीच्या बाजूला चामड्याचा पट्टा लोंबायचा. पुढे एड्सची धास्ती पसरली, प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं अर्धं ब्लेड घालायचे वस्तरे आले आणि आमच्या पट्ट्याचं काम संपलं. तो आणि आण्णांचा जुना वस्तरा मी घरी आणला. माझी दाढी आजही त्या वस्तऱ्यानेच होते. इतक्या वर्षांत पट्ट्याच्या बाबतीत जे शिकलो, ते बहुतेक चुकून शिकलो.

१. धार काढतो दगड, राखतो पट्टा. पट्ट्यावर पात्याची पाठ पुढे आणि धार मागे ठेवून वस्तरा ओढायचा. रोजच्या दाढीने धारेचं टोक सूक्ष्म वाकतं, ते सरळ होतं आणि चकाकतं. आधी कापडी पट्ट्यावर २०-२५ फेऱ्या, मग चामड्यावर ४०-५०. हे सगळं दाढीच्या आधी. नंतर वस्तरा फक्त कोरडा पुसायचा. ओलं पातं पट्ट्याला लावायचं नाही. चामडं पात्याला हलकंसं धरून ठेवतं, त्याला आम्ही ‘ओढ’ म्हणतो. ओढ गेली की वस्तरा नुसता घसरतो. फार वाढली तर चिकटतो. पट्ट्याची निगा म्हणजे ही ओढ सांभाळणं.

२. हे कळायच्या आधी मी पट्ट्याला तेल पाजलं. वय असेल सतराचं. पट्टा कोरडा वाटला म्हणून स्वयंपाकघरातून वाटीभर गोडेतेल आणलं, चोळलं, आणि ‘मुरू दे’ म्हणून पट्टा उन्हात टांगला. संध्याकाळी आण्णांनी बोट लावून बघितलं. ‘भजी तळायचीत काय रे यात?’ एवढंच बोलले. पट्टा फुगून लिबलिबीत झाला होता. पंधरा दिवसांत खवट वास सुटला, वर चिकट थर धरला. मग खडूची पूड पसरायची, रात्रभर ठेवायची, सकाळी बोथट पट्टीने खरवडायची, असं आठ दिवस चाललं. तेल बरंच निघालं, सगळं नाही. खालच्या टोकाला वीतभर काळपट डाग अजून आहे आणि तेवढ्या भागात वस्तरा आजही मंद चालतो.

३. आण्णांचं तेल म्हणजे तळहात. सकाळी हात स्वच्छ धुऊन पूर्ण कोरडे करायचे आणि पट्ट्यावरून वर-खाली भराभर फिरवायचे, चामडं कोमट लागेपर्यंत. हाताचा स्निग्धपणा रोजच्याला पुरतो. शिवाय चिकटलेला कण किंवा खरचटलेली जागा डोळ्यांआधी हाताला कळते. रोज वापरातल्या पट्ट्याला याहून जास्त काही लागत नाही. हे पटायला मला वीस वर्षं लागली.

४. तरीही पडून राहिलेला पट्टा कडक झालाच तर नीट्सफूट तेल घ्यावं. गुरांच्या पायांच्या हाडांतून ते काढतात. पाच-सहा थेंब तळहातावर घेऊन चोळायचे आणि रात्रभर सावलीत ठेवायचं. वर्षातून एकदा पुरे. जवसाचं तेल चुकूनही नको. ते हवेने वाळून कडक होतं, म्हणून तर रंगात घालतात. बुटाचं पॉलिशही नको.

५. पट्ट्यावर काचेसारखी चकाकी आली तर आण्णा दाढीच्या साबणाचा दाट फेस पातळ थरात चोळत आणि वरून गुळगुळीत काचेची बाटली दाबून फिरवत. ही न्हाव्यांची जुनी रीत आहे. साबणातली चरबी आत जाते, पृष्ठभाग सपाट बसतो. फेस दाट हवा. पाणी जास्त झालं तर चामडं वाळताना वाकडं होतं.

६. आषाढात पट्ट्यावर पांढरं दिसलं की बायको म्हणते, बुरशी आली. दरवेळी ती बुरशीच असते असं नाही. केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा थोडी लांबून द्यावी. पांढरेपणा विरघळून गेला तर ती आतली चरबी वर आलेली, हाताने चोळली की काम झालं. तसाच राहिला आणि कुबट वास आला तर बुरशी. ती कोरड्या फडक्याने घराबाहेर झटकावी आणि पट्टा वाऱ्यावर टांगावा. न्हाणीघरात, पेटीत घडी घालून किंवा उन्हात, कुठेच ठेवू नये.

७. चामडं बघून घ्या. दुसरा पट्टा मी चपला करणाऱ्या कारागिराकडून कापून घेतला. २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या आमच्या कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. ते सुरुवातीला ताठ असतं, पण रोज हात फिरला की छान बसतं. क्रोमवर कमावलेलं मऊ चामडं मला नाही आवडलं.

८. पट्टा ताणूनच धरायचा. झोळ पडला की धार गोल होते. वस्तरा परतवायचा तो पाठीवर, धारेवर नाही. धारेवर परतवल्याची चंद्रकोर माझ्या पट्ट्यावर आहे. उचकटलेली कड गोंदाने बसवली आणि बारीक पॉलिश पेपरने घासली. पातं तिथे आता अडत नाही, बोट मात्र अडतं.

९. शोभेसाठी पट्टा देऊ नये. मुलाने दुकान नवं केलं तेव्हा आरशाशेजारी टांगायला तो मागितला. नेमका तिथे एसीचा झोत येतो, चामडं महिन्यात तडकलं असतं. मी नाही म्हटलं. मग त्याने रेक्झिनचा एक पट्टा आणून लावला. गिऱ्हाइकं त्याच्याशेजारी उभी राहून फोटो काढतात आणि ‘किती जुना हो?’ म्हणून विचारतात.