अननस, पालक आणि दूध

प्रश्न : पालक-अननसाची स्मूदी दुधात केली की कडू लागते. काय चुकतं? – एक गृहिणी, मोहोपाडा

उत्तर : चुकतं ते दूध. ताज्या अननसातलं ब्रोमेलिन हे एन्झाइम दुधातली प्रथिनं तोडतं, म्हणून कडवटपणा येतो. त्याऐवजी शहाळ्याचं पाणी घ्या. दोघांसाठी मूठभर पालक, एक पिकलेलं केळं, अननसाच्या चार फोडी, वर लिंबू. आधी नुसता पालक पाण्यात फिरवा, मग फळं टाका. नाहीतर पानांचे तुकडे दाताखाली येतात. साखर कशाला, केळं आहे की! गाळू मात्र नका. पालकातलं लोह अंगी लागायला ‘क’ जीवनसत्त्व हवं, ते अननस-लिंबातून मिळतं; सोबत चहा नको. मुतखड्याचा त्रास असेल किंवा रक्त पातळ करणारी वॉरफरिनची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारूनच प्या.