फोटोग्राफीच्या वर्गातले भौतिकशास्त्र

‘भौतिकशास्त्र जमत नाही, म्हणून फोटोग्राफी शिकणार,’ असे म्हणणारे विद्यार्थी दर वर्षी एकदोन तरी भेटतातच. फोटोग्राफी हा व्यवसाय निवडण्यात गैर काही नाही. पण हे शिक्षण जेथे पद्धतशीर दिले जाते तेथे आरंभी काय शिकवतात ते पाहिले, की वरच्या वाक्यातील ‘म्हणून’ लंगडा पडतो.

अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांचे उदाहरण घेऊ. ही दोन वर्षांची, बहुतांशी सार्वजनिक पैशावर चालणारी महाविद्यालये. त्यांपैकी सर्वांत जुने इलिनॉय राज्यात जोलिएट येथे १९०१ साली निघाले. विद्यापीठांच्या मानाने शुल्क कमी, प्रवेशाच्या अटी सैल. संध्याकाळचे वर्ग असल्यास दिवसा नोकरी करणाराही शिकू शकतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी कॉलेजसारख्या काही ठिकाणी फोटोग्राफीचा स्वतंत्र विभागच आहे.

अशा वर्गांत सहसा पहिली गोष्ट होते ती कॅमेऱ्याची स्वयंचलित सोय बंद करण्याची. भिंगाचे छिद्र किती उघडायचे आणि शटर किती वेळ उघडे ठेवायचे, हे विद्यार्थ्याने ठरवायचे.

भिंगाच्या नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागले की एफ-अंक मिळतो. नाभीय अंतर ५० मिलिमीटर व छिद्र २५ मिलिमीटर, तर एफ-अंक २. छिद्र १२.५ मिलिमीटर केले, तर ४. व्यास निम्मा झाला, क्षेत्रफळ पाव झाले, म्हणून प्रकाशही पाव. कॅमेऱ्यावरील २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ हे आकडे असे चमत्कारिक का, ते आता ध्यानात येईल. प्रत्येक आकडा मागच्याच्या सुमारे १.४ पट, म्हणजे २ च्या वर्गमूळाइतक्या पटीने मोठा आहे. म्हणून दर पायरीला प्रकाश निम्मा होतो.

तेव्हा एफ-८ व १/१२५ सेकंद, किंवा एफ-४ व १/५०० सेकंद, दोन्हींत प्रकाश सारखाच. मग निवडायचे काय? सेकंदाला ८ मीटर धावणारी मुलगी कॅमेऱ्यासमोरून आडवी जात असेल, तर १/१२५ सेकंदात ती ६.४ सेंटिमीटर सरकते आणि फोटोत फिसकटते. १/५०० सेकंदात ती १.६ सेंटिमीटरच सरकते. मात्र छिद्र मोठे केल्याने तिच्या मागचे प्रेक्षक धूसर होतात. काय हवे ते कॅमेरा सांगणार नाही.

त्याहून गमतीचा प्रश्न समूहाच्या फोटोचा. फ्लॅशपासून पुढची रांग २ मीटरवर, मागची ३ मीटरवर आहे. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो, म्हणून मागच्यांना पुढच्यांच्या ४/९ प्रकाश मिळतो, निम्म्याहूनही कमी. छिद्र वाढवून मागची मंडळी उजळली, तर पुढची पांढरीफटक! उपाय असा, की फ्लॅशच ४ मीटर मागे न्यायचा. आता अंतरे ६ व ७ मीटर, गुणोत्तर ३६/४९, म्हणजे मागच्यांना सुमारे ७३ टक्के. याची किंमतही द्यावी लागते. पुढच्या रांगेवरचा प्रकाश आता एक-नवमांश झाला, म्हणून छिद्र तीन पायऱ्यांहून थोडे अधिक उघडावे लागेल. हे गणित लग्नाच्या मांडवात उभ्या उभ्या करावे लागते, आणि माझ्या मते बारावीच्या पेपरातल्यापेक्षा ते अवघड आहे, कारण तेथे पुरवणी परीक्षा नसते.

हे सारे पोटापाण्याशी निगडित आहे. २०१३ साली शिकागो सन-टाइम्स या दैनिकाने आपल्या सर्वच्या सर्व २८ पूर्णवेळ फोटोग्राफरांना एकदम कामावरून कमी केले. वार्ताहरांना मोबाइलवर फोटो काढण्याचे धडे देण्यात आले. बटण दाबण्याचे काम असे कोणाकडेही जाऊ शकते. दागिन्यांची चकाकी न विझवता ते टिपणे, गुन्ह्याच्या जागेची मोजपट्टीसह नोंद करणे, संग्रहालयातील चित्राचे रंग हुबेहूब उतरवणे, ही कामे इतक्या सहज जात नाहीत. काम देणारा पदवीपेक्षा तुमच्या निवडक फोटोंचा संग्रह आधी पाहतो. म्हणून असा संग्रह तयार करणे, दर ठरवणे, करार वाचणे हेही अशा अभ्यासक्रमांत शिकवले जाते.

एक प्रयोग घरी करा. अंधाऱ्या खोलीत एकच उघडा बल्ब लावा. त्यापासून १ मीटरवर पांढरा कागद उभा करून मोबाइलच्या प्रो मोडमध्ये फोटो घ्या. मग कागद २ मीटरवर न्या आणि आयएसओ तोच ठेवून, कागद तितकाच उजळ दिसेपर्यंत शटरचा वेळ वाढवा. तो चौपट लागायला हवा. भिंती पांढऱ्या असतील, तर चौपटीहून कमी वेळ पुरेल. का, ते शोधा.