बोलणारे ढोल

दवंडी कशी पिटतात हे तुम्हांला ठाऊक असेल. आधी डफ वाजतो. लोक कान टवकारतात आणि मग दवंडीवाला तोंडाने बातमी सांगतो. म्हणजे डफ फक्त ‘ऐका हो ऐका’ एवढेच म्हणतो. पण सगळी बातमी ढोलानेच सांगितली तर?

आफ्रिकेत काँगो नदीच्या काठी केले भाषा बोलणारे लोक हे करत असत. जॉन कॅरिंग्टन हा इंग्रज मिशनरी १९३८ साली तेथे गेला. तो ही भाषा शिकला, ढोल वाजवायलाही शिकला आणि १९४९ साली त्याने या ढोलांवर पुस्तक लिहिले.

या ढोलाला चामडे नसते. लाकडाचा जाड ओंडका एका लांबट फटीतून आतून कोरून पोकळ करतात. फटीच्या दोन कडा सारख्या कोरलेल्या नसतात. त्यामुळे एका कडेवर काठी मारली की उंच स्वर निघतो, दुसरीवर मारली की खालचा. रात्रीच्या शांततेत हा आवाज कित्येक किलोमीटर दूर ऐकू जातो.

पण दोनच स्वरांत बोलणार कसे? याचे उत्तर केले भाषेतच आहे. या भाषेत प्रत्येक अक्षर उंच किंवा खालच्या स्वरात उच्चारतात आणि स्वर बदलला की अर्थ बदलतो. ‘लिसाका’ या शब्दाची तिन्ही अक्षरे खालच्या स्वरात म्हटली तर अर्थ होतो डबके. शेवटचे अक्षर उंच केले की त्याच शब्दाचा अर्थ होतो वचन! ढोल हे चढउतार जसेच्या तसे वाजवतो. क, म, स ही व्यंजने मात्र त्याला काढता येत नाहीत.

येथेच अडचण येते. ‘सोंगे’ म्हणजे चंद्र आणि ‘कोको’ म्हणजे कोंबडी. दोन्ही शब्दांत दोन उंच स्वर. ढोलावर दोन्ही अगदी सारखेच वाजणार! मग ऐकणाऱ्याने काय समजावे?

यावर त्या लोकांनी नामी युक्ती काढली. ढोलावर ते नुसते ‘चंद्र’ म्हणत नसत, ‘जमिनीकडे खाली पाहणारा चंद्र’ म्हणत. कोंबडीला ‘किओकिओ करणारी लहानगी कोंबडी’ म्हणत. वाक्य लांबले की स्वरांची मांडणी वेगळी होई आणि घोटाळा टळे. ही वाक्ये ठरलेली असल्याने ऐकणारा ती लगेच ओळखत असे.

पाहुण्यांना वाटे, हे लोक किती पाल्हाळ लावतात! पण तो पाल्हाळ नव्हताच. व्यंजने गेल्याने हरवलेला अर्थ ते जादा शब्द भरून काढत. टेलिफोनवर नाव सांगताना आपणही ‘बाणातला ण’ म्हणतोच की!

कॅरिंग्टनच्या काळातच तरुण मुले ही कला शिकेनाशी झाली होती. वाजवणारा एकटा असून भागत नाही. ऐकून समजणारे गावही लागते. ते नसेल तर ढोल पुन्हा नुसता ओंडका होतो.

आता एक प्रयोग करा. दीर्घ अक्षराला जोरात आणि ऱ्हस्व अक्षराला हळू, अशी बाकावर टिचकी मारा. ‘काका’ आणि ‘मामा’ सारखेच वाजतील. मग दोघांसाठी वेगवेगळी लांब वाक्ये ठरवा, मित्राला शिकवा आणि पाठमोरे बसवून विचारा. तो किती वेळा बरोबर ओळखतो, ते मोजून पाहा!