रजोनिवृत्तीनंतरचे स्त्री-आरोग्य : जीवनसत्त्वे आणि श्रोणितल

व्यापारी मंडळाच्या स्मरणिकेत बाजारभाव, कर आणि वाहतूक या विषयांवर पुष्कळ लिहिले जाते. त्या मानाने घरातील स्त्रियांच्या प्रकृतीविषयी फारच थोडे लिहिले जाते. आणि त्यातही पाळी गेल्यानंतरच्या वयात अनेकींना जी एक व्यथा जडते, तिचा उल्लेख सहसा कोणी करीत नाही. खोकताना, शिंकताना किंवा भरलेली घागर उचलताना लघवी सुटणे, लघवीची भावना होताच ती आवरता न येणे, अंग जड होऊन खाली उतरल्यासारखे वाटणे, ही त्या व्यथेची लक्षणे होत. आमच्या बाजारहत्नूरच्या बाजारात मराठी, तेलुगू व गोंडी या तिन्ही भाषा कानी पडतात. परंतु या एका विषयात तिन्ही भाषा मूक होतात. "आता वय झाले, असेच चालायचे," असे म्हणून आपल्या आई, काकू, सासूबाई हे दुःख वर्षानुवर्षे पदराआड झाकून ठेवतात.

प्रस्तुत लेखक वैद्य नव्हे, धान्याचा घाऊक व्यापारी आहे. तज्ज्ञांनी जे पडताळून पाहिले आहे, तेवढेच सोप्या शब्दांत वाचकांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

श्रोणितल म्हणजे काय?

कमरेच्या हाडांच्या कड्याला खालच्या बाजूने स्नायूंची व बंधांची एक झोळी ताणून बसविलेली असते. तिलाच श्रोणितल म्हणतात. मूत्राशय, गर्भाशय व गुदाशय हे तिन्ही अवयव तिच्या आधारावर विसावलेले असतात. आम्हा धान्यवाल्यांना ही गोष्ट पोत्यावरून चटकन उमजेल. पोते वरून कितीही चांगले दिसो, तळाची शिवण सैल झाली की उचलताना माल खाली येतो.

ही शिवण एका दिवसात सैल होत नाही. वारंवार व कष्टाच्या प्रसूती, बाळंतपणानंतर लगेच उचललेली ओझी, चुलीच्या धुराने जडलेला जुनाट खोकला, बद्धकोष्ठ आणि स्थूलपणा ही तिची कारणे होत. भारतीय स्त्रीची पाळी सामान्यतः ४६-४७ वर्षांच्या सुमारास थांबते. त्यानंतर शरीरातील ईस्ट्रोजेन हा स्राव घटतो, त्या भागातील त्वचा व ऊती पातळ आणि कोरड्या होतात, आणि पूर्वीपासून असलेली दुर्बलता उघडी पडते. सबब हा रोग लाजेचा नाही, पापाचा तर मुळीच नाही. तो शरीरावर पडलेल्या भाराचा परिणाम आहे.

ड जीवनसत्त्वाचा संबंध

स्नायूंना बळ राहावे यासाठी ड जीवनसत्त्व लागते. त्याची तीव्र उणीव झाली म्हणजे मांड्या व कमरेचे स्नायू दुबळे होतात. श्रोणितलही स्नायूंचेच बनलेले असल्यामुळे तज्ज्ञांचे लक्ष तिकडे गेले. अमेरिकेतील १,८८१ स्त्रियांच्या तपासणीवर आधारलेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या रक्तात ड जीवनसत्त्व कमी होते, त्यांच्यात श्रोणितलाचे विकार अधिक आढळले. आणि पन्नाशीपुढील ज्या स्त्रियांच्या रक्तात ते दर मिलिलिटरमागे ३० नॅनोग्रॅम वा त्याहून अधिक होते, त्यांच्यात लघवी सुटण्याची तक्रार कमी होती.

परंतु दोन मालांचे भाव एकाच वेळी चढले, म्हणून एकाने दुसऱ्याला चढविले असे ठरत नाही, हे व्यापाऱ्यास सांगावयास नको. जी स्त्री घराबाहेर हिंडते, तिला ऊनही मिळते आणि व्यायामही घडतो. म्हणून पुढे अकरा हजारांहून अधिक प्रौढ अमेरिकन स्त्रियांवर प्रत्यक्ष प्रयोग झाला. निम्म्यांना रोज २,००० एकक ड जीवनसत्त्व व निम्म्यांना तशीच दिसणारी निर्गुण गोळी पाच वर्षे देण्यात आली. लघवी सुटण्याच्या तक्रारीत दोन्ही गटांत फरक पडला नाही. मात्र या प्रयोगात सरसकट सर्वांनाच गोळी दिली होती. मुळात उणीव असलेल्याच स्त्रिया निवडलेल्या नव्हत्या. यावरून तात्पर्य असे की, रक्तात उणीव असेल तर ती हाडांसाठी व स्नायूंसाठी अवश्य भरून काढावी. परंतु केवळ गोळीने सैल झालेले श्रोणितल घट्ट होईल, अशी आशा धरू नये.

आपल्या आहारातील उणिवा

ड जीवनसत्त्व मुख्यतः माशांच्या तेलात व अंड्यात असते. ते आपल्याला वर्ज्य असल्याने सूर्यप्रकाश हाच आपला मोठा आधार होय. आदिलाबाद जिल्ह्यात उन्हाची टंचाई नाही. पण घरात व दुकानाच्या मागील खोलीत वावरणाऱ्या स्त्रीपर्यंत ते पोहोचत नाही. सकाळचे कोवळे ऊन पुरेसे असते ही समजूत बरोबर नाही. ज्या किरणांनी त्वचेत हे जीवनसत्त्व तयार होते, ते साधारण दहा ते तीन या वेळातच पुरेसे असतात, आणि खिडकीच्या काचेतून ते आत येत नाहीत. हिवाळ्यात दुपारी व उन्हाळ्यात दहाच्या सुमारास, हात व चेहरा उघडा ठेवून वीस-तीस मिनिटे अंगणात बसावे.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली दिलेल्या प्रमाणानुसार प्रौढांस रोज ६०० एकक ड जीवनसत्त्व व २.२ मायक्रोग्रॅम ब-१२ जीवनसत्त्व लागते. ब-१२ हे वनस्पतिजन्य अन्नात जवळजवळ नसते. आपल्याला ते दूध, दही व ताक यांतूनच मिळते. पुण्यात ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी होऊन २००६ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांत शेकडा ६७ जणांत ब-१२ कमी आढळले. ही पुरुषांची गोष्ट झाली. परंतु ज्या घरात दुधाचा पेला आधी पुरुषांपुढे येतो, त्या घरातील स्त्रियांची काय स्थिती असेल याचा विचार वाचकांनीच करावा. या जीवनसत्त्वाच्या अभावी मज्जातंतूंना इजा होते, पायांस मुंग्या येतात, आणि मूत्राशयावर ताबा ठेवणाऱ्या तंतूंनाही धोका पोहोचू शकतो. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांनी ब-१२ अवश्य तपासून घ्यावे. क जीवनसत्त्व हे शरीरातील बंध घडविण्यास लागते. आवळा, पेरू व लिंबू यांतून ते सहज मिळते. पुरेसे पाणी, भाज्या व कडधान्ये पोटात गेली तर बद्धकोष्ठही टळते.

औषधे घेताना काही गोष्टी ध्यानी घ्याव्यात. बाजारातील ड-३ हे बहुधा मेंढीच्या लोकरीतील मेणापासून बनते, आणि मऊ कॅप्सूलचे वेष्टन बहुधा प्राणिजन्य जिलेटिनचे असते. दगडफुलाच्या जातीच्या वनस्पतीपासून बनविलेले ड-३ व यीस्टपासूनचे ड-२ यांचाही पर्याय आहे. ब-१२ जंतूंच्या आंबवणीतून बनते. ज्यास जे नियम पाळावयाचे असतील, त्याने ते वैद्यास स्पष्ट सांगावेत. साठ हजार एककांची पुडी आठवड्यातून एकदा, ठराविक मुदतीपुरती व सल्ल्यानेच घ्यावी. ती रोज घेतल्यास रक्तात चुना वाढून मूत्रपिंडास अपाय होतो.

खरा उपाय : व्यायाम

अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली या स्नायूंच्या व्यायामाची पद्धत मांडली. आपल्याकडील मूलबंध जाणणाऱ्यांस ती परकी वाटणार नाही. लघवी व वायू एकाच वेळी आवरावा, तसे आतील स्नायू वर ओढून पाच ते दहा सेकंद धरावेत व तितकाच वेळ सैल सोडावेत. असे आठ ते बारा वेळा, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने करावे. श्वास कोंडू नये. पोट व मांड्या आवळू नयेत. लघवी करीत असताना हा सराव करू नये. जगभरच्या प्रयोगांचा आढावा २०१८ साली घेण्यात आला. खोकताना-शिंकताना लघवी सुटण्याची तक्रार असलेल्या स्त्रियांपैकी व्यायाम करणाऱ्यांत शेकडा ५६, तर न करणाऱ्यांत शेकडा ६ स्त्रियांनी आपण बऱ्या झाल्याचे सांगितले. या उपायास पैसाही लागत नाही; लागतो तो निवांत वेळ.

मौनाची किंमत

गडचिरोली जिल्ह्यातील वसा व अमिर्झा या दोन गावी डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ साली 'लॅन्सेट' या ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध झाले. शेकडा ९२ स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि पूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ शेकडा ८ होत्या. रोग होते, पण कोणी विचारले नव्हते.

वास्तविक उपचार उपलब्ध आहेत. अंग उतरले असता आधारासाठी बसविण्याची रिंग मिळते. कोरडेपणासाठी ईस्ट्रोजेनचे मलम वैद्य देतात. शस्त्रक्रियेची परंपरा तर आपल्याच भूमीत समृद्ध आहे. गोव्यात शिरोडे येथे जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर (१८९९-१९७१) यांनी मुंबईत काम करून, खाली उतरलेले गर्भाशय न काढता उचलून बांधण्याची शस्त्रक्रिया घडविली, आणि ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. लघवीत रक्त, पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्तस्राव, ताप वा लघवी अडणे यांपैकी काहीही आढळल्यास मात्र घरगुती उपायांत दिवस न घालविता तत्काळ रुग्णालय गाठावे.

कुटुंबप्रमुखांस विनंती

घरातील तिजोरीची किल्ली बहुधा आपल्या हाती असते. म्हणून हे कर्तव्यही प्रथम आपले आहे. पन्नाशीपुढील प्रत्येक स्त्रीची वर्षातून एकदा तपासणी व्हावी, आणि तिच्यासोबत सुनेने वा लेकीने जावे, म्हणजे तिला मोकळेपणाने बोलता येईल. घरातील जड डबे व पाण्याच्या घागरी तरुणांनी उचलाव्यात. आपल्या अडतीवर धान्य चाळणाऱ्या व निवडणाऱ्या स्त्रियाही याच वयाच्या असतात. त्यांच्याकडून पोती ओढवून घेऊ नयेत, आणि दुकानाच्या आवारात त्यांच्यासाठी स्वच्छ, कडी लागणारे शौचालय असावे. ते नसल्यामुळे कित्येकजणी दिवसभर पाणी पीत नाहीत व नवा विकार ओढवून घेतात. खर्चाच्या दृष्टीने पाहिले तर यांतील एकही गोष्ट एका पोत्याच्या घटीएवढी भारी नाही, शौचालय सोडून. आणि तेही एकदाच बांधावयाचे असते.

जीवनसत्त्वाची गोळी आणून देणे सोपे आहे. "तुला काही त्रास होतो का?" हे घरातील एखाद्या स्त्रीने दुसरीला विचारणे, आणि उत्तर मिळाल्यावर पुरुषांनी विनातक्रार गाडी जोडून देणे, हे अधिक आवश्यक आहे. एवढे आपल्या सभासदांच्या घरी घडले, तरी या लेखाचे प्रयोजन साधले असे मी मानीन.